कात्रणांची वही आणि मालकाची किल्ली

विधानसभेत मंत्र्याने दिलेले आश्वासन कामकाजाच्या वृत्तांतात नोंदले जाते. जाहीर सभेतील भाषण निदान दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात उतरते आणि त्याचे कात्रण कोणा ना कोणा कार्यकर्त्याच्या वहीत चिकटवलेले असते. गेल्या पंधरा वर्षांत राज्यकर्त्यांनी बोलण्याची जागाच बदलली. धोरणाची घोषणा, विरोधकांवरील आरोप, संपकऱ्यांना दिलेला शब्द, हे सारे आता आधी ट्विटरवर (जुलै २०२३ पासून त्याचे नाव एक्स असे झाले आहे) आणि फेसबुकवर येते, मागाहून सभागृहात. तेथे ते काही तास तरंगते आणि नव्या मजकुराच्या लोंढ्याखाली गडप होते. ते नष्ट झालेले नसते. ते तेथेच, आपल्या तारखेसह पडून असते. फक्त ते कसे शोधावे हे फारच थोड्यांना ठाऊक असते. राज्यकर्त्यांची सारी भिस्त या अज्ञानावर आहे.

समाजवादी चळवळीला हे काम नवे वाटण्याचे कारण नाही. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला, तेव्हा त्यांचे बळ आवाजात नव्हते. सरकारच्याच आकडेवारीची त्यांनी केलेली छाननी हे त्यांचे बळ होते. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, या विधानाला उत्तर देताना पंडित नेहरूंसारख्या पंतप्रधानांनाही आकड्यांच्या मैदानात उतरावे लागले. मधु लिमये उभे राहिले की मंत्री आपले कागद पुन्हा चाळू लागत, याचेही कारण तेच: या गृहस्थाजवळ पुरावा असणार, ही धास्ती. पुरावा गोळा करण्याची ही शिस्त आज पक्षात ढिली झाली आहे. शाखेतील तरुण दिवसभर भ्रमणध्वनीवर असतो, आलेला मजकूर पुढे ढकलतो, संतापतो, खाली चार शब्द लिहितो. परंतु हेच मंत्रिमहोदय तीन वर्षांपूर्वी नेमके काय म्हणाले होते, असे विचारले तर त्याला आठवते ते साधारण. तारखेसह दाखवता येत नाही.

समाजमाध्यम उघडताच समोर येणारा मजकूर वाचकाने निवडलेला नसतो. तो कंपनीच्या गणिताने निवडलेला असतो, आणि ते गणित जाहिरातीच्या उत्पन्नाचे आहे. शोधाच्या चौकटीत मात्र प्रश्न वाचकाचा असतो. म्हणून त्या चौकटीत काय लिहावे हे शिकणे हा केवळ तांत्रिक विषय राहत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. पुणतांब्यातून पुकारलेला शेतकऱ्यांचा संप १ जून २०१७ रोजी सुरू झाला. ११ जूनला मंत्रिगटाने सरसकट कर्जमाफी ‘तत्त्वतः’ मान्य केली आणि निकष मागाहून ठरवण्याचे सांगितले. २४ जूनला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३४ हजार कोटींची योजना जाहीर केली. तिच्यात दीड लाखाची मर्यादा होती. ‘सरसकट’ या शब्दाचा ‘निकषांसह’पर्यंतचा प्रवास या दोन तारखांच्या दरम्यान झाला. तो प्रवास कोणत्या मंत्र्याने कोणत्या दिवशी कोणत्या शब्दांत केला, हे आजही त्यांच्या खात्यांवरून काढता येते. शोधाच्या चौकटीत आधी ‘सरसकट’ हा शब्द घालावा. त्यानंतर रोमन लिपीत ‘फ्रॉम’, त्याला लागून अपूर्णविराम, आणि मध्ये जागा न सोडता त्या मंत्र्याच्या खात्याचे नाव. मग ‘सिन्स’ आणि अपूर्णविराम यांपुढे आरंभीची तारीख, ‘अन्टिल’ आणि अपूर्णविराम यांपुढे अखेरची तारीख. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. येथे पुष्कळांची फसगत होते. ‘अन्टिल’पुढचा दिवस हिशेबात धरला जात नाही, २४ जूनच्या पोस्ट हव्या असतील तर २५ जून लिहावे लागते. शिवाय या यंत्राचे घड्याळ आपल्याकडचे नाही, ते साडेपाच तास मागे आहे. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर संप मागे घेतल्याचे जाहीर झाले आणि त्यावरून शेतकऱ्यांतच फूट पडली. त्या पहाटेची पोस्ट यंत्राच्या लेखी २ जूनची असते. ३ जूनपासून शोधणाऱ्याला ती सापडणार नाही, आणि ती लिहिलीच गेली नव्हती असा समज करून तो परतेल.

बाकीची चिन्हे सोपी आहेत. दुहेरी अवतरणचिन्हांत घातलेले शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. शब्दापूर्वी वजाचे चिन्ह दिले की तो शब्द असलेल्या पोस्ट गळतात. रोमन मोठ्या अक्षरांतील ‘ऑर’ दोन पर्याय एकदम शोधते. ‘टू’पुढे खात्याचे नाव दिले की त्या खात्याला लोकांनी काय विचारले ते दिसते, आणि कित्येकदा मंत्र्याच्या उत्तरापेक्षा अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांची ही यादीच अधिक बोलकी ठरते. गूगलवर ‘साइट’ या चिन्हाने शोध एकाच संकेतस्थळापुरता बांधता येतो. फेसबुकवर असली चिन्हे चालत नाहीत. तेथे त्या पानाच्या आत शिरून शब्द आणि वर्ष यांवर भागवावे लागते. व्हॉट्सॲपवरील गटांत जे चालते ते तर बाहेरून शोधताच येत नाही, आणि महाराष्ट्रातील विषारी प्रचाराचा फार मोठा भाग तेथेच होतो. या मर्यादा ध्यानात ठेवूनच कामाला लागावे.

मराठीतील शोधाची अडचण मात्र कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडत नाही. इंग्रजी शब्द वाक्यात बहुधा फारसा बदलत नाही. मराठी शब्द विभक्तीला भेटला की रूप पालटतो. ‘शेतकरी’ शोधणाऱ्याला ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांचे’, ‘शेतकऱ्यांसाठी’ असे लिहिलेल्या पोस्ट मिळतीलच असे नाही, आणि मंत्री शेतकऱ्यांविषयी बोलतात ते बहुधा चतुर्थीत किंवा षष्ठीत. तेव्हा प्रत्येक रूप वेगळे घालून पाहावे लागते. त्यातही ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी अक्षरे वाटू शकतात. ऱ्हस्व-दीर्घाची हेळसांड तर विचारूच नये. मंत्रालयातून निघणाऱ्या मजकुरातही ती मुबलक आढळते, आणि शोधणाऱ्याला शुद्धलेखनाबरोबर अशुद्धलेखनाचाही अभ्यास करावा लागतो. शिवाय शब्दच बदलतात. २०१७ साली ‘कर्जमाफी’ होती. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या दोन लाखांच्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आली. सभांतून ‘सातबारा कोरा’ गाजत होता. एका शब्दावर थांबणाऱ्याला एकाच सरकारचे पाप दिसेल. सर्वांत मोठी अडचण चित्रांची. नेत्यांच्या घोषणा रंगीत फलकाच्या चित्रात छापून टाकल्या जातात आणि चित्रातील अक्षरे या शोधाला बहुधा दिसत नाहीत. तेथे शब्द सोडून केवळ खाते आणि तारीख यांवर शोध घ्यावा आणि त्या दिवसांचे सारे डोळ्यांखालून घालावे. हे काम कंटाळवाणे आहे. जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळणेही कंटाळवाणेच होते.

या विद्येचा आणखी एक उपयोग आहे व तो आपल्याच लोकांवरील अंकुशाचा आहे. विरोधी नेत्याच्या नावाने फिरणारा स्क्रीनशॉट हाती येताच तो पुढे पाठवण्याची घाई चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांना होते. असा स्क्रीनशॉट कोणीही पाच मिनिटांत बनवू शकतो. त्यातील पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून त्या खात्यावर शोधले, तर मूळ पोस्ट आहे की नाही हे बव्हंशी कळते. ती न सापडल्यास दोन शक्यता उरतात: ती खोटी असेल किंवा मागाहून खोडली गेली असेल. दोहोंतील कोणती खरी हे ठरेपर्यंत गप्प राहणे एवढेच हाती असते. स्वपक्षाच्या नेत्यांनाही हाच शोध लावावा. समाजवाद्यांच्या फाटाफुटी शोधण्यास यंत्राची गरज नाही हे खरे. परंतु काल एका आघाडीला शिव्या देऊन आज तिच्यात बसणाऱ्यांनी आपली जुनी विधाने शत्रूआधी स्वतः वाचलेली बरी.

शस्त्र मात्र दुधारी आहे, आणि याबाबत पक्षात पुरेसा विचार झालेला नाही. ऑल्ट न्यूजचे सहसंस्थापक मोहम्मद झुबेर यांना दिल्ली पोलिसांनी २७ जून २०२२ रोजी अटक केली, ती मार्च २०१८ मधील एका ट्वीटवरून. त्यात १९८३ सालच्या एका हिंदी चित्रपटातील दृश्य होते. चार वर्षे जे ट्वीट कोणाच्या गावी नव्हते ते एका निनावी खात्याने वर काढले आणि माणूस गजाआड गेला. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै रोजी अंतरिम जामीन दिला तेव्हा सुटला. मंत्र्याचे जुने वचन ज्या चिन्हांनी सापडते त्याच चिन्हांनी टीकाकाराची जुनी थट्टाही सापडते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिल्याबद्दल आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या ६६-अ कलमाचा त्या काळी असा सर्रास वापर होई ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले; वृत्ती रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने नागरिकांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणावर नजर ठेवणारे केंद्र उभारण्यासाठी निविदा काढली. हे तर पाळतशाहीसारखे होईल, असा शेरा सर्वोच्च न्यायालयाने मारल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मागे घेण्यात आली.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक भेद कसोशीने पाळावा. ज्याच्या हाती सत्ता, पद किंवा जनतेचा पैसा आहे, त्याच्या जाहीर शब्दाचा हिशेब मागणे हा लोकशाहीचा हक्क आहे. गल्लीतील विरोधकाच्या, कोणा शिक्षिकेच्या, महाविद्यालयीन मुलाच्या दहा वर्षांपूर्वीच्या पोस्ट उकरून त्याच्यावर झुंड सोडणे ही पोलिसी वृत्ती आहे; ती आपल्या बाजूने केली म्हणून पुरोगामी ठरत नाही. सापडलेले वाक्यही आगापिछा पाहिल्यावाचून वापरू नये.

याहून मूलभूत प्रश्न मालकीचा आहे. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण लादले गेले. उद्याचा अंक सरकारला अडवता आला. परंतु कालचा अंक वाचनालयात आणि हजारो घरांत होता. तो कोणाला परत घेता आला नाही. आज कालचा अंकही मालकाच्या कपाटात आहे व किल्ली त्याच्याच कनवटीला. फेसबुकने २०१३ मध्ये सविस्तर शोधाची सोय दिली आणि २०१९ मध्ये ती जवळजवळ संपवली. कोणती पोस्ट किती पसरली हे पत्रकारांना दाखवणारे क्राउडटँगल हे साधन त्याच कंपनीने २०१६ मध्ये विकत घेतले आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. लोकप्रतिनिधींनी खोडलेली ट्वीट जपणाऱ्या पॉलिटवूप्स या उपक्रमाची वाट ट्विटरने २०१५ मध्ये अडवली. वर्षअखेरीस गवगवा झाल्यावर मोकळी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ती कंपनी घेतली आणि २०२३ मध्ये संशोधकांना विनामूल्य मिळणारा प्रवेश थांबला. खाते उघडल्यावाचून शोधही घेता येईनासा झाला. कोट्यवधी माणसांनी फुकट लिहिलेल्या शब्दांचा हा साठा; त्यावर एका धनिकाचे कुलूप.

एवढ्याने हात टेकण्याचे कारण नाही. सापडलेली वस्तू त्याच दिवशी आपल्याकडे आणून ठेवावी. केवळ स्क्रीनशॉट पुरत नाही: पोस्टचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ आणि शक्य तेथे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर उतरवलेली प्रत, एवढे हवे. प्रकरण न्यायालयात जाण्याजोगे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागेल. १ जुलै २०२४ पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली ते लागत असे. वकील मित्राला आधीच विचारलेले बरे.

हा सुशिक्षितांचा उद्योग आहे, खरा लढा रस्त्यावर, असा आक्षेप पक्षातील काही ज्येष्ठ घेतात. रस्त्यावरच्या लढ्यावाचून काही होत नाही, यात वाद नाही. परंतु अंगणवाडी सेविकांचा मोर्चा मंत्र्याच्या दारी जातो तेव्हा मागील मोर्चाच्या दिवशी याच मंत्र्याने स्वतःच्या खात्यावर दिलेले आश्वासन तारखेसह निवेदनाला जोडलेले असेल, तर ‘असे कोणी म्हटलेच नव्हते’ या उत्तराची सोय उरत नाही. हे काम मोर्चातील एकीनेच, तिच्या हातातील भ्रमणध्वनीवर करण्याजोगे आहे.

पक्षाने मागणी मांडायची ती शासनाकडे. मंत्र्यांच्या आणि शासकीय कार्यालयांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांचा संपूर्ण मजकूर, खोडलेल्या पोस्टसह, विधिमंडळाच्या ग्रंथालयात जमा झाला पाहिजे आणि कोणाही नागरिकाला तो तेथे मराठीत शोधता आला पाहिजे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ सालचा, म्हणजे समाजमाध्यमांच्या जन्मापूर्वीचा. अमेरिकेत अध्यक्षांच्या खात्यांवरील मजकूर पदत्यागानंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातो. तो देश काही समाजवादी नाही. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात असे अशासकीय विधेयक आणता येईल. दरम्यान प्रत्येक तालुका शिबिरात एक संध्याकाळ या चिन्हांच्या सरावासाठी राखावी, आणि सराव आपल्याच तालुक्याच्या आमदाराच्या खात्यावर करावा.