ब्रिटननं इंग्रजीची अट वाढवली. इचलकरंजीत ड्युटी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांचं गणित काय बदललं?

८ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना इंग्रजीची बी२ पातळी दाखवावी लागते. त्याआधी बी१ वर भागायचं. ऐकायला फरक एका आकड्याचा वाटतो. पण आयईएलटीएसच्या भाषेत सांगायचं तर आधी प्रत्येक भागात ४ बँड पुरायचे, आता ५.५ लागतात.

याचा इचलकरंजीशी काय संबंध? तर इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. यंत्रमाग, सायझिंग, प्रोसेस आणि गारमेंटवर चालणारं गाव. १९८२ पासून इथं डीकेटीईचं टेक्स्टाईल आणि इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्यामुळे बाहेरच्या देशात नोकरी बघणारे इंजिनिअर, नर्स, अकाउंटंट या गावातही आहेत. यातले बरेच जण कॉलेज संपवून नोकरीला लागलेले असतात. म्हणजे अभ्यास करायचा तो ड्युटी संपल्यावर.

आधी परीक्षा काय आहे ते बघू

आयईएलटीएसमध्ये चार भाग असतात. ऐकणं साधारण ३० मिनिटं, वाचन ६० मिनिटं, लेखन ६० मिनिटं आणि बोलणं ११ ते १४ मिनिटं. गुण ० ते ९ बँडमध्ये मिळतात, निकाल दोन वर्षं चालतो आणि फी अठरा हजार रुपयांच्या आसपास जाते. म्हणजे ‘एकदा देऊन बघू’ म्हणत बसण्याची ही परीक्षा नाही.

खरी मेख गुणांच्या हिशोबात आहे. समजा एखाद्याला ऐकण्यात ७, वाचनात ७, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५ मिळाले. सरासरी ६.३७५ येते आणि निकालावर एकूण ६.५ छापून येतं. घरचे पेढे वाटतील. पण ब्रिटन चारही भाग वेगवेगळे बघतं. लेखनात ५ आहेत, म्हणजे बी२ झालं नाही. काम अडलं.

वेळेचं गणित

केंब्रिजच्या अंदाजानुसार सुरुवातीपासून बी१ पर्यंत पोहोचायला शिकवणीचे ३५० ते ४०० तास लागतात, तर बी२ साठी ५०० ते ६००. म्हणजे मधलं अंतर ढोबळमानानं २०० तासांचं. रोज एक तास आणि आठवड्यातले सहा दिवस धरले, तर ३३ आठवडे होतात. जवळपास आठ महिने.

‘तीस दिवसांत बँड वाढवा’ या जाहिराती इथंच फसव्या ठरतात. ज्याचं इंग्रजी आधीच त्या पातळीचं आहे, त्याला महिनाभरात प्रश्नांचा साचा समजतो आणि गुण वाढतात. ज्याचं नाही, त्याला महिन्याभरात फक्त साचा समजतो.

मराठी माध्यमवाल्यांना नेमकं कुठं अडतं?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत ए, बी, सी, डी पाचवीत भेटायची. आज पस्तिशी ओलांडलेल्या अनेकांचा पाया तिथला आहे. वाचलेलं कळतं, कंपनीचा मेल समजतो, पण बोलायची वेळ आली की गाडी अडकते.

काही चुका भाषेच्या ठेवणीतून येतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ सारखी उपपदं नाहीत, म्हणून लिहिताना ती गळतात नाहीतर नको तिथं बसतात. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या उच्चारांना आपण एकच ‘व’ वापरतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मनात वाक्य मराठीत जुळवून मग भाषांतर करणारा माणूस बोलताना थांबत थांबत बोलतो. उच्चार मराठी वळणाचा असला म्हणून गुण जात नाहीत, समोरच्याला कळला नाही तर जातात.

सगळ्यांना हीच परीक्षा लागते का?

नाही, आणि पैसे वाचतात ते इथंच. ज्यांची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली आहे, त्यांना ब्रिटनसाठी एक्टिस या संस्थेकडून तसा दाखला घेता येतो. मग व्हिसासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षाच द्यायची असेल तर साधी आयईएलटीएस चालत नाही, ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ लागते. नोंदणी करताना इथं चूक झाली तर फी पाण्यात.

नर्सचा रस्ता वेगळा आहे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचन आणि बोलण्यात ७, तर लेखनात ६.५ लागतात. त्याऐवजी ओईटी देता येते. तिच्यात पेशंटबद्दलचं पत्र आणि वॉर्डातल्यासारखे संवाद असतात, त्यामुळे रोज हेच काम करणाऱ्यांना ती जवळची वाटू शकते. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत मात्र पदवी इंग्रजीतली असली तरी परीक्षा द्यावीच लागते.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ पासून ब्रिटननं स्किल्ड वर्कर व्हिसा मुख्यतः पदवी पातळीच्या कामांपुरता ठेवलाय आणि पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड केलीय. त्यामुळे एखादा जॉबर किंवा दिवाणजी बी२ पास झाला, तरी तेवढ्यावर व्हिसा मिळत नाही. एजंट नेमकी हीच गोष्ट सांगायची विसरतात.

मग नोकरी करणाऱ्यानं करायचं काय?

क्लासची फी भरण्याआधी एक सराव परीक्षा घड्याळ लावून द्यायची. अधिकृत नमुने फुकट मिळतात. चारपैकी कुठला भाग मागं आहे ते त्यात कळतं, आणि निम्मा वेळ त्याच भागाला द्यायचा. ऐकण्याचा सराव येता-जाता होतो. लेखनाचा होत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी सलग एक तास काढून दोन्ही उत्तरं लिहायची आणि कुणाकडून तरी तपासून घ्यायची. दुसऱ्या उत्तराला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, हे लक्षात ठेवायचं. संगणकावर परीक्षा असेल तर टायपिंगचा सरावही यातच आला.

एकाच भागात घसरलं तर फक्त तेवढाच भाग पुन्हा देण्याची सोय आयईएलटीएसमध्ये आहे, पण असा निकाल सगळे देश मान्य करत नाहीत. कॅनडा करत नाही. त्यामुळे तारीख घेण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कुठला देश, कुठला व्हिसा आणि प्रत्येक भागात किती गुण. निकालाची दोन वर्षं परीक्षेच्या दिवसापासून मोजली जातात. हातात ऑफर किंवा अर्जाची तयारी नसताना घाईनं परीक्षा दिली, तर कागदपत्रं जुळेपर्यंत निकालाची मुदत संपते आणि अठरा हजार पुन्हा भरावे लागतात.