सतरा गुणांची परीक्षा

अमेरिकेतल्या कित्येक शहरांत बेघर माणसाला सरकारी मदतीचं घर हवं असलं, तर आधी त्याची परीक्षा होते. एक अनोळखी कार्यकर्ता कागद घेऊन समोर बसतो आणि विचारतो: गेल्या सहा महिन्यांत इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कितीदा गेलात? कुणी हल्ला केला का? कुणाचं देणं आहे? दारू किंवा नशेपायी राहतं घर गेलं का? उत्तरांना शून्य ते सतरा गुण. एकट्या माणसाला आठ किंवा जास्त पडले तर कायमच्या आधाराचं घर देण्याचा विचार होतो. तीन किंवा कमी पडले तर घराची मदत नाही. जितकी दैना मोठी तितके गुण जास्त, अशी ही उलटी परीक्षा. २०१३मध्ये आलेल्या या प्रश्नावलीचं नाव व्हीआय-स्पडॅट.

या परीक्षेत आणि एकूणच बेघरांच्या मदतीत वांशिक समन्याय हवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो: मदत गरिबांना करा, कातडीचा रंग कशाला बघता? मराठी वाचकाला हा सूर नवा नाही. ‘आर्थिक निकष लावा’ म्हणणाऱ्यांच्या घशातून तो इथेही निघतो. तो पटण्यासारखा वाटतो, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. २०१९च्या जनगणना खात्याच्या हिशेबात कृष्णवर्णीय अमेरिकी लोकसंख्येत सुमारे १३ टक्के होते आणि गरिबांमध्ये सुमारे २४ टक्के. जानेवारी २०२०च्या बेघर-मोजणीत मात्र ते ३९ टक्के भरले. मुलाबाळांसह बेघर झालेल्या कुटुंबांतल्या माणसांत तर ५३ टक्के. नुसत्या गरिबीचा प्रश्न असता, तर हा आकडा २४च्या आसपास थांबला असता.

तो का थांबत नाही, याचं उत्तर घरांच्याच इतिहासात आहे. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग चढला आणि तिथे कर्ज देणं म्हणजे पैसा बुडवणं, असं ठरलं. घर देताना वंशावरून भेद करायला बंदी घालणारा कायदा आला तो थेट १९६८मध्ये. तोवर एका समाजाच्या दोन पिढ्यांनी घरं घेऊन ती मुलांना ठेवली, दुसऱ्याच्या दोन पिढ्या भाडंच भरत राहिल्या. २०१८मध्ये अटलांटा, डॅलस, सॅन फ्रान्सिस्को अशा ठिकाणी बेघरांशी बोलून ‘स्पार्क’ नावाचा अभ्यास झाला. त्यात पुढे आलेली गोष्ट साधी होती: भाडं थकलं की माणूस बहिणीकडे, मावशीकडे जातो; पण त्या मावशीचंही भाडं थकलेलं असतं. पगाराची चिठ्ठी तपासून ही मावशी दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. प्रश्न सर्वांना सारखेच, मग पक्षपात कुठला? पण प्रश्नावली हालअपेष्टा मोजत नाही, हालअपेष्टांची कबुली मोजते. ज्या आईनं शेजारणीची मुलं बालकल्याण खात्यानं उचलून नेलेली पाहिली आहेत, ती पहिल्याच भेटीत नशेची कबुली कशाला देईल? विमा नाही म्हणून दवाखाना टाळणाऱ्याच्या इस्पितळवाऱ्या कागदावर शून्यच दिसणार. ओरेगन, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या नोंदी तपासणाऱ्या २०१९च्या अभ्यासात गोरेतर माणसांना वरचे गुण मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ३२ टक्के कमी आढळली. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, प्रश्नावलीच्या कर्त्यांपैकी एक असलेले इयन डी जाँग यांनी ती टप्प्याटप्प्यानं मागे घेण्याचं जाहीर केलं. टीकाकार अजून ‘सारखे प्रश्न’ कवटाळून बसलेत. कर्त्यानं कधीच हात सोडला.

तिसरा आक्षेप गोऱ्या बेघराच्या नावानं येतो: त्याचं घर हिसकावून दुसऱ्याला देणार का? नाही. रंगाला गुण देणं १९६८च्या त्याच कायद्यात अडकेल, आणि शहाण्या समर्थकांची ती मागणीही नाही. मागणी आहे ती मोजपट्टी बदलण्याची. पिट्सबर्ग ज्या ॲलेगेनी काउंटीत आहे तिनं २०२०मध्ये ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि सरकारदरबारी आधीच असलेल्या नोंदींवरून संगणकाकरवी धोका जोखायला सुरुवात केली. त्या नोंदींत तुरुंगवाऱ्याही येतात आणि त्यांवरही वंशभेदाची सावली असते, हा टोला रास्त आहे. पण नोंदी उघडून तपासता येतात. न दिलेली कबुली कुणी तपासावी?

समन्यायवाद्यांनाही चार शब्द सुनवायला हवेत. कर्मचाऱ्यांना एक दिवस प्रशिक्षणाला बसवलं आणि भिंतीवर फलक लावला, एवढ्यावर काम उरकल्याचं समाधान मानणाऱ्या संस्था काही कमी नाहीत. लॉस एंजेलिसच्या बेघर सेवा प्राधिकरणाच्या समितीनं २०१८च्या अहवालात याच्या कितीतरी पुढच्या शिफारशींची यादी दिली होती. लॉस एंजेलिस काउंटीतल्याच कायमच्या आधाराच्या घरांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. घराची किल्ली मिळाल्यावरही पुन्हा बेघर होण्याची शक्यता कृष्णवर्णीय भाडेकरूंच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त निघाली. अशा माणसाला पुन्हा घर हवं असेल, तर तो कार्यकर्ता परत समोर बसतो, हातात कागद घेऊन.