गुप्ततेचा हक्क खातेदाराचा

30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असल्याने राज्यातल्या पतसंस्थांमध्ये सध्या अहवालांची छपाई चालली आहे. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी थकबाकीदारांची यादी आणि संचालकांच्या कर्जांचा तक्ता एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा, अशी आमची विनंती आहे. पुष्कळ अहवालांत पहिली यादी नावागावासकट ठळक असते. दुसरा तक्ता शोधावा लागतो. सभेत एखाद्या सभासदाने त्याबद्दल विचारलेच, तर खात्यांची माहिती गुप्त असते असे व्यासपीठावरून उत्तर मिळते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नेमके उलटे सांगतो. कलम 32 प्रमाणे सभासदाला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात. हिशेबाच्या वह्यांपैकी मात्र त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी असलेला भागच त्याला खुला आहे. शेजाऱ्याचे खाते नाही. आणि कलम 75 प्रमाणे समिती सदस्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचा तपशील वार्षिक सभेपुढे ठेवावाच लागतो. कायद्याने साध्या सभासदाला आडोसा दिला आणि विश्वस्ताच्या जागी बसलेल्याला उजेडात उभे केले. आपण या दोघांच्या जागा बदलल्या आहेत. (तारणाच्या लिलावाची जाहीर नोटीस कायद्यानेच द्यावी लागते, ती वेगळी गोष्ट.)

गुप्ततेची ही जबाबदारी आली कुठून, हे नव्या कर्मचाऱ्याला समजावायचे तर इंग्लंडमधला 1924 चा टूर्नियर खटला सांगावा. टूर्नियरच्या खात्यात दहा पौंडांपेक्षाही कमी ओव्हरड्राफ्ट होता. ठरलेले हप्ते थांबले, म्हणून शाखा व्यवस्थापकाने त्याच्या मालकाकडे फोन केला. विचारायचा होता फक्त घरचा पत्ता. बोलता बोलता त्याचे खाते थकले आहे आणि त्याचा पैसा शर्यतींवर पैजा घेणाऱ्याकडे जातो, असेही व्यवस्थापक सांगून गेला. टूर्नियरची नोकरी गेली. अपील न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला आणि गुप्तता हा बँक व ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे असे ठरवले. न्यायमूर्ती बँक्स यांनी चारच अपवाद मानले: कायद्याची सक्ती, जनतेप्रति कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित, आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडे स्टेट बँकेच्या 1955 च्या कायद्यात कलम 44 आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या 1970 च्या कायद्यात कलम 13 याच परंपरेतून आले. तिथे अधिकाऱ्याला गुप्ततेची लेखी प्रतिज्ञा करावी लागते. आपल्या पतसंस्थांमध्ये अशी प्रतिज्ञा किती ठिकाणी घेतली जाते?

टूर्नियरचे नुकसान मालकाच्या कानावर गोष्ट गेल्यामुळे झाले, हे सेवक पतसंस्थांनी विशेष लक्षात घ्यावे. तिथे सभासद पगारकपातीचा करार लिहून देतो आणि कलम 49 प्रमाणे मालक हप्ता कापून पाठवतो. मालकाला हप्त्याचा आकडा कळणे भाग आहे. कर्ज मुलीच्या लग्नासाठी आहे की दवाखान्यासाठी, ठेव किती आहे, जामीन कोण राहिले, यातले काहीही त्याला कळायचे कारण नाही. हा प्रश्न महाराष्ट्रापुरता नाही. लखनौच्या मानक नगरात रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेचे कार्यालय आणि कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. अशा वसाहतींत पतसंस्थेच्या काउंटरवरचा कारकून, कर्जदार आणि त्याचा साहेब एकाच आवारात राहू शकतात. तिथे फोनचीही गरज नसते. संध्याकाळी फिरताना सहज निघालेला विषय पुरेसा असतो, आणि तो काढणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईटही नसते. म्हणूनच अशा ठिकाणी जास्त जपावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये कॅनरा बँकेच्या प्रकरणात गुप्ततेचा हा हक्क कोणाचा ते स्पष्ट केले. मुद्रांक कायद्यातल्या आंध्र प्रदेशच्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणालाही बँकेत शिरून कागद तपासण्याची मुभा दिली होती. ती रद्द झाली. कागद बँकेच्या ताब्यात दिला म्हणून त्यातली गोपनीयता संपत नाही, कारण ती माणसाची असते, जागेची नसते. पुढे 2015 मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात रिझर्व्ह बँकेने तपासणी अहवाल न देण्यासाठी बँकांशी असलेल्या विश्वासाच्या नात्याचा आधार घेतला, तेव्हा त्याच न्यायालयाने तो फेटाळला. आमच्या मते हे दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत. खातेदाराची ढाल संस्थेने स्वतःच्या कारभारापुढे धरायची नसते.

पोलीस ठाण्यातून फोन आला की खातेउतारा व्हॉट्सॲपवर पाठवणारे व्यवस्थापक आहेत. असे करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खालचा लेखी आदेश मागा, आवक नोंदवहीत चढवा आणि मागितले तेवढेच द्या. प्राप्तिकर खात्याने रीतसर मागणी केली तर मात्र अडवता येणार नाही. कथिरूम सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1961 च्या कायद्यातले कलम 133(6) सहकारी बँकांनाही लागू धरले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 चे. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील आणि दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. पिग्मी एजंटच्या मोबाइलमधल्या याद्या, वसुलीसाठी काढलेले ग्रुप, झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या केवायसीच्या प्रती यांचा शोध आतापासूनच घ्यावा लागेल.

एक दुरुस्ती तर याच महिन्यात करता येईल. व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते कलम 32 खाली प्रत्येक सभासदाला पाहता येतात, आणि कर्ज नामंजूर करताना अर्जदाराचे आजारपण, घरातला वाद, सिबिलचा गुणांक असे सगळे त्यातच लिहायची सवय अनेक सचिवांना आहे. इतिवृत्तात ठराव असावा; कारणांचे टिपण अर्जाच्या फाइलमध्ये ठेवावे आणि अर्जदाराला ते स्वतंत्र पत्राने कळवावे.