दुसरं गाणं कुणी दाबलं?

दोस्तहो, गाण्याचा हिशेब ही भोळीभाबडी गोष्ट नाही. सावकाराच्या वहीत जसा आपल्या बापजाद्यांचा अंगठा असायचा आणि रक्कम मात्र त्याच्या मर्जीनं वाढायची, तसाच हा हिशेब आहे. वही कुणाच्या हातात, लिहिणारा कोण, आणि कुणाचं नाव लिहायचंच राहून गेलं, हे विचारल्याशिवाय बेरीज खरी मानायची नाही.

कोयनानगरच्या स्टँडवर पोरं संध्याकाळी मोबाईलवर गाणी लावून वाद घालतात. 'वन हिट वंडर' कोण? म्हणजे एकाच गाण्यावर गाजला आणि नंतर विझला असा गडी कोण? कुणी 'शांताबाई'वाल्या संजय लोंढेंचं नाव घेतं. कुणी म्हणतं कडूबाई खरात, एकतारीवरचं एक भीमगीत मोबाईलमधून घराघरात गेलं तेवढंच. एक तर छातीठोकपणे म्हणाला, "आनंद शिंदे म्हंजे पोपट. बाकी काय हाय?" या शब्दाला आपण मराठीत 'एकगाणी' म्हणू. वाद रंगतो, चहा संपतो, कुणी हारत नाही. पण एकही जण विचारत नाही, की बाबांनो, ही मोजपट्टी आणली कुठनं?

ती अमेरिकेतून आणली. तिथं 'बिलबोर्ड' नावाचं साप्ताहिक गाण्यांची यादी छापतं. पहिल्या चाळीसात ज्याचं एकच गाणं शिरलं तो एकगाणी, असा तिथला रूढ नियम. आता या नियमानं काय होतं बघा. जिमी हेन्ड्रिक्स हा काळा गडी, ज्यानं गिटार या वाद्याचा अर्थच बदलून टाकला, तो अमेरिकेच्या यादीत १९६८ साली एकदाच पहिल्या चाळीसात आला. विसाव्या नंबरापर्यंत. आणि तेही गाणं बॉब डिलनचं. म्हणजे नियमानं हेन्ड्रिक्स एकगाणी! समुद्रापलीकडं ब्रिटनच्या यादीत त्याच माणसाची एकामागून एक गाणी वर चढत होती. माणूस तोच, गिटार तीच. वही बदलली की माणूस बदलतो.

दुसरं उदाहरण 'माकारेना'चं. १९९६ मध्ये हे गाणं अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. गाणारी जोडी लोस देल रिओ. अमेरिकेनं त्यांच्यावर एकगाणीचा शिक्का मारला. ही जोडी १९६० च्या दशकापासून स्पेनमध्ये गात होती. तीस वर्षं गाणाऱ्याला तुम्ही एकदा ऐकलंत, तर कमी तुमच्या कानात, का त्याच्या गळ्यात?

आता आपल्या वहीकडं या. १९५२ ला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर गाण्याची पायरी ठरायची. पण गाणी हिंदी सिनेमाची. ज्यांच्या घरात रेकॉर्ड घ्यायला पैसा नव्हता आणि पत्र लिहायला अक्षर नव्हतं, त्यांची आवड या वहीत शिरणार कशी? आणि सरकारी रेडिओ? आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती! हार्मोनियमचे सूर भारतीय संगीताला मानवत नाहीत, हा पंडितांचा निवाडा. आमच्या जलशाचा जीव त्या पेटीत आणि ढोलकीत. बंदी घालणाऱ्यांनी जलसा डोळ्यापुढं ठेवून ती घातली असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यापुढं जलसा नव्हताच, हेच तर माझं म्हणणं आहे.

भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसे घेऊन गावोगाव हिंडले. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी रचली. ती वह्यांतून उतरली, पातळ पुस्तिकांतून जत्रेत खपली, एका गायन पार्टीच्या तोंडून दुसऱ्या पार्टीच्या तोंडात गेली. कुठल्या नंबरावर होते वामनदादा? नंबरच नव्हता. एकगाणी म्हणवून घ्यायलाही आधी एक गाणं वहीत चढावं लागतं. पांढरपेशांच्या वहीत वामनदादा शून्यगाणी होते.

प्रल्हाद शिंद्यांची गोष्ट याहून कडवट आहे. हा पहाडी आवाज कव्वालीत गाजला, भीमगीतांत गाजला. पण ज्या घरात भीमगीत कधी लागलं नाही, त्या घरातही गणपतीला आणि आषाढीला प्रल्हाद शिंदेच लागतात. विठ्ठलाच्या वाटेनं आवाज माजघरात गेला, बाबासाहेबांच्या वाटेनं आलेला तोच आवाज उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आवाज पवित्र आणि गाणं विटाळाचं! वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ साली गेले. एकाची हजारो गाणी न ऐकता, दुसऱ्याचं सोयीचं तेवढंच ऐकून वही मिटली गेली.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि मोठ्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी खिळखिळी झाली. स्वस्तात भरा, स्वस्तात विका. टेपरेकॉर्डर वस्तीत आला, टेम्पोत आला. आनंद शिंद्यांचा पोपट याच कॅसेटीवर बसून उडाला. त्याच गळ्यानं पुढं ढिगानं भीमगीतं गायली, लोकगीतं गायली, सिनेमात 'कोंबडी' पळवली. तरी स्टँडवरचं पोरगं म्हणतं, पोपट. त्या पोराच्या कानात कुणाची वही बसलीय, हे त्याचं त्यानं तपासावं.

कुणी म्हणेल, म्हणजे एकगाणी कुणी नसतोच का? सगळ्याला जात चिकटवायची का? तसं नाही. माझा नियम साधा आहे. ज्याचं दुसरं गाणं लोकांपुढं रीतसर आलं, लोकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं, तो एकगाणी. त्यात लाजही नाही. लोकांच्या तोंडी एक गाणं बसवणं म्हणजे काय चेष्टा हाय का? पण ज्याचं दुसरं गाणं कुणी लावलंच नाही, त्याला एकगाणी म्हणणं ही बदनामी आहे. या नियमानं हेन्ड्रिक्स सुटला, लोस देल रिओ सुटले, आनंद शिंदे तर निर्दोष. कडूबाई आणि लोंढे यांचा निकाल द्यायच्या आधी हात वर करा, त्यांचं दुसरं गाणं पुरं ऐकलंय कुणी?

आता जरा आपल्याच पाठीवर कोरडा ओढू. १४ एप्रिलला आपल्या डीजेवर किती गाणी वाजतात? तीच पाच-सहा. छाती फुटंपर्यंत आवाज, पण कवी कोण विचारलं तर नाचणारा तोंडाकडं बघतो. गायकाचा फोटो बॅनरवर, लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. मग व्यवस्थेनं वामनदादांना शून्यगाणी केलं आणि आपण पाचगाणी केलं, फरक तो किती? शत्रूनं गाडलेलं उकरता येतं. वारसदारानंच विसरलेलं कोण उकरणार?

आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही, भाकरीचाही आहे. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू गायक. १९३९ मध्ये त्यानं जोहान्सबर्गला 'म्बुबे' रेकॉर्ड केलं. हक्क गेले दहा शिलिंगांत. तीच चाल १९६१ मध्ये अमेरिकेत दुसऱ्यांच्या तोंडून पहिल्या नंबरावर चढली, पुढं डिस्नीच्या सिनेमात गेली. लिंडा १९६२ ला दरिद्री मेला. त्याच्या लेकींना तडजोडीचे पैसे मिळाले २००६ मध्ये. जगाच्या वहीत तोही एकगाणी, आणि त्या एकाचेही दाम त्याच्या हाताला लागले नाहीत. आपल्याकडं २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कायद्यानं मान्य झाला. पण नाव नोंदलेलं असेल तर वाटा! वहीत उतरवलेल्या, हातोहात गेलेल्या गाण्याचा कवी कागदावर नसेल, तर कायदा काय कपाळ करणार?

कोयनेच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. बाहेरच्या जगाला कोयना एकाच धक्क्यानं माहीत, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, म्हणून पेपरात नाव आलं. त्याआधीही जमीन हलत होती, त्यानंतरही हलत राहिली. धरणासाठी उठवलेली गावं तर त्याच्याही आधी हललेली. पण भूकंपमापकाची सुई इमानदार असते. ती मोठा धक्का लिहिते, बारकाही लिहिते. कुणी झोपेत असो वा जागा, तिला फरक पडत नाही.

आपल्याला असली सुई पाहिजे. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडच्या गाण्याच्या वह्या वाळवी खायच्या आत उघडा. गाणं, कवी, पार्टी, साल, गाव उतरवून घ्या. येत्या जयंतीला प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव माईकवर पुकारा. आणि प्रत्येक कवीचं दुसरं गाणं लावा, जे कधीच लागलं नाही ते.

वही आपल्या हातात आली, की मग बघू एकगाणी कोण उरतो ते.

जयभीम!