मोबाइलवरचे जेवण आणि खाणावळीचा खाडा

पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला शिकायला ठेवलेल्या मुलांचे आईबाप हल्ली एक तक्रार हमखास करतात. महिन्याचे पैसे वीस तारखेलाच संपतात, आणि विचारले तर ‘खाण्यावर गेले’ एवढेच उत्तर मिळते. खाणावळीचे पैसे तर पहिल्याच आठवड्यात भरलेले असतात. मग हे दुसरे खाणे कोठले?

हे खाणे मोबाइलवरून येते. स्विगी 2014 साली बंगळूरला निघाली. झोमॅटोचे मूळ 2008 सालचे. आरंभी तिच्यावर नुसती हॉटेलांची माहिती मिळे, पुढे तीही घरपोच जेवण देऊ लागली. डबा लांबून येणे आपल्याला काही नवे नाही. गावाहून एसटीत टाकलेल्या डब्यावर कितीतरी मुले शिकून मोठी झाली. मुंबईचे डबेवाले तर 1890 पासून हेच काम करीत आले आहेत, आणि ते आपल्याच मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडचे. पण तो डबा घरचा, ठरल्या वेळी येणारा. मोबाइलवरचा डबा मनात येईल तेव्हा येतो, आणि त्याचा हिशेब निराळा असतो.

तो हिशेब एकदा मांडून पाहा. समजा, हॉटेलात 160 रुपयांना मिळणारी थाळी आहे. तेथे बसून जेवले तर पाच टक्के कर धरून 168 रुपये होतात. हॉटेलवाल्याला अ‍ॅपच्या कंपनीला दलाली द्यावी लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच थाळी मोबाइलवर चढ्या भावाने असते. ती 190 धरा. डब्यांचे 15, आणून देण्याचे 35, कंपनीचे स्वतःचे शुल्क 15. जेवण आणि डब्यांवर पाच टक्के कर, बाकीच्यावर अठरा टक्के. बेरीज 274 च्या घरात जाते. म्हणजे वरचे 106 रुपये जिभेला लागलेच नाहीत. गाईच्या दुधाला लिटरला 35 रुपये धरले, तर हे तीन लिटर दूध झाले. पहाटे उठून धार कोण काढतो, हे पोराला ठाऊक असते. पण फोनवर बोट टेकवताना ते आठवत नाही. खिशातून नोट काढून देताना हात थोडा अडखळतो, फोनवर तेवढाही अडखळत नाही.

शिवाय ‘अमुक रुपयांच्या वर मागवा, पोचवणे फुकट’ असे आमिष असते. चाळीस रुपये वाचवायला पोर शंभराचे जादा मागवते. बाजारात आपणही कधी कधी असेच करतो, तेव्हा त्याला एकट्याला हसायला नको.

खरा तोटा मात्र दुहेरी पैशाचा आहे. खाणावळीत ताट वाट पाहत असते आणि खोलीवर डबा येतो. बहुतेक खाणावळींत आधी सांगून सलग काही दिवस गेले नाही, तर खाडा धरतात. एखादे जेवण चुकवले तर कोणी पैसे परत देत नाही. म्हणून पैसे भरतानाच खाड्याचा नियम नीट विचारून घ्यायला मुलाला सांगा. आणि मुलगा महिन्यातून पंधरा वेळा खाणावळ चुकवीत असेल, तर ती खाणावळच बदलावी. आमटीत पाणी आणि पोळी वातड असेल, तर त्याने तरी काय करावे!

मग बाहेरचे खाणे बंदच करावे काय? आमचे मत तसे नाही. चार मित्रांनी मिळून हॉटेलात जावे, तव्यावरची गरम भाकरी खावी, ‘तुझे तू माझे मी’ करून बिल वाटून घ्यावे, यात वावगे काही नाही. परक्या शहरात माणसे जोडली जातात ती अशीच. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो देणे सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली तसे सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. मुलांना हे माहीत असावे.

मोबाइलवरच्या जेवणालाही जागा आहे. ताप आला आहे, अभ्यासिकेतून येईपर्यंत खाणावळ बंद झाली आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, अशा वेळी ते सोयीचेच. मुलीच्या बाबतीत तर रात्री उशिरा एकटीने हॉटेल शोधण्यापेक्षा खोलीवर डबा आलेला बरा. पण आपल्या घरांत काय होते? मुलाने मागवले तर त्याला भूक लागलेली असते, आणि मुलीने मागवले की ती उधळी ठरते. हा भेद सोडून द्या.

हिशेब मागायचा तर पाहुण्यांसमोर नको, आणि फोन हिसकावूनही नको. आधी काय काय मागवले, ते सगळे अ‍ॅपमध्ये राहते. एका महिन्याची बेरीज त्यालाच करायला सांगा. ती पाहून तो स्वतःच म्हणेल ते धरावे: बाहेर बसून किती वेळा, मोबाइलवर किती वेळा. आकडा त्याने ठरवलेला असला म्हणजे तो पाळण्याची आशा अधिक.

आणखी एक. रोज रात्री एकट्यानेच खोलीत डबा उघडणारे पोर दर वेळी चैनीत असते असे नाही. कोणाशी जमलेले नसते, परीक्षेत मागे पडलेले असते, खाणावळीत ओळखीच्या लोकांपुढे जायची लाज वाटत असते. फोनवर आपण ‘जेवलास का?’ विचारतो, तो ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘आज जेवायला बरोबर कोण होते?’ असेही विचारून पाहावे. मुलीला विचारताना आवाजात संशय येऊ देऊ नका, नाहीतर ती पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. तीनचार वेळा ‘कोणी नाही’ असे उत्तर आले, तर पैशाचा विषय बाजूला ठेवून सरळ एसटी धरा आणि भेटून या.

जाताना शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि थोडे मेतकूट बरोबर न्या. पुष्कळ खाणावळींना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, आणि मोबाइलवरून मागवणे बहुधा त्याच रात्री होते.