तलवार म्यानात ठेवण्याचे नियम

दोन महिन्यांपूर्वी आमच्या तळघरात अर्ध्या तासात दोन माणसं मेली. पोलिसांना कळवायचं कारण नाही, दोघंही कागदावरची होती. आमची पंधरा वर्षांची कन्या आणि तिचे चार मित्रमैत्रिणी दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. ज्यांच्या घरी हे खूळ अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला हा खेळ म्हणजे भातुकली आणि हिशेबाची वही यांचं लग्न. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

गोष्ट सांगण्याचं काम कन्येकडे. तिने एक नवं राज्य रचलं. तिथे कोर्टकचेऱ्या नाहीत. अपमान झाला की द्वंद्वयुद्ध! कल्पना झकास. पण पहिल्याच शनिवारी एकाने दुसऱ्याच्या टोपीला नावं ठेवली, तलवारी निघाल्या, एक गडी मेला, त्याचा सूड म्हणून दुसरा मेला. दोघं फासे टाकत असताना बाकीचे चिप्स खात बसलेले. शेवटी मंडळी रुसून लवकरच घरी गेली.

"बाबा, तू इंजिनियर आहेस ना? हे डिझाइन फेल का झालं ते सांग."

ऑफिसात आम्हांला असं कोणी विचारत नाही. तिथे फक्त 'कधी होणार' एवढंच विचारतात. त्यामुळे आम्ही खूष होऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरला.

आमचा पहिला निष्कर्ष असा, की कन्येने तलवारींचा विचार केला होता, तलवारीच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, याचा केला नव्हता. खऱ्या जगात ज्यांनी द्वंद्वाची प्रथा पाळली त्यांचे बहुतेक नियम याच दोन गोष्टींबद्दल आहेत. म्हणून आम्ही चार प्रश्न मांडले.

पहिला: आव्हान कोण देऊ शकतो? महाभारतातल्या रंगमंडपात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य शांतपणे त्याचं कुळ विचारतात. द्वंद्व बरोबरीच्यांतच! दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. एवढ्या एका नियमातून केवढी गोष्ट निघाली पाहा. कन्या म्हणाली, "पण हे अनफेअर आहे." आम्ही म्हटलं, आहेच. तुझ्या राज्यातही असा एखादा अन्यायाचा नियम ठेव, म्हणजे खेळणाऱ्यांना मोडायला काहीतरी मिळेल.

दुसरा: नकार दिला तर काय? इथे फार जपावं लागतं. जुन्या नॉर्स लोकांत 'होल्मगांग' नावाचं द्वंद्व होतं. नकार देणाऱ्याची समाजात छी थू व्हायची. मग सागांमध्ये असे धटिंगण भेटतात, जे शेतकऱ्याला आव्हान देऊन त्याची जमीन नाहीतर मुलगीच मागतात. नकाराची किंमत फार वाढवली की इभ्रतीचा खेळ खंडणीचा धंदा होतो. म्हणून आमच्या राज्यात दुबळ्याला आपल्या जागी दुसरा लढवय्या उभा करता येतो.

तिसरा: थांबायचं कुठे? कोर्माकच्या सागेत याचं सुरेख उत्तर आहे. जमिनीवर पाच हात लांबरुंद कापड अंथरायचं, प्रत्येकाला तीन ढाली. कापडावर रक्त सांडलं की पुढे लढायची गरज नाही. जखमी झालेला तीन मार्क चांदी देऊन मोकळा होतो. आपल्या आखाड्यातही पाठ मातीला लागली की कुस्ती संपते, कोणी मरेपर्यंत दाबून धरत नाही. शिवाय या खेळात मरणाला मोलच नाही. पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चला की मेलेला पुन्हा उठून बसतो! म्हणजे श्रीमंताने खुशाल मरावं. तेव्हा डावावर जीव लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही नाव लावलं. हरणाऱ्याने एक वर्ष तो विषय तोंडातून काढायचा नाही, आणि जिंकणाऱ्यानेही नाही.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: मधे कोण? १७७७ साली आयर्लंडमध्ये क्लॉनमेल गावी सभ्य गृहस्थांनी द्वंद्वाची नियमावली केली. तिच्यात प्रत्येकाच्या बाजूने एकेक मध्यस्थ असतो आणि लढाईआधी समेटाचा प्रयत्न करणं हे त्याचं बंधनकारक काम. आव्हान सहसा रात्री पोचवायचं नाही, कारण डोकी तापलेली असतात. आम्हांला हे वाचून टेबलाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. दोघं भांडतात तेव्हा उरलेले दोघं मध्यस्थ! चिप्स बंद.

पण नुसते मध्यस्थ पुरत नाहीत. न्यू जर्सीत वीहॉकेनला आपण पाहुण्यांना मॅनहॅटनचा देखावा दाखवायला नेतो, तिथे अलेक्झांडर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे. ११ जुलै १८०४ला आरन बरची गोळी त्याला तिथेच लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याआधी बरीच पत्रापत्री चालली होती. वाद कशाचा, तर हॅमिल्टन बरबद्दल 'याहूनही वाईट' काहीतरी बोलला, असं कोणीतरी लिहिलेलं छापून आलं होतं. नेमकं काय ते शब्द कोणीच सांगेना. ज्याचे शब्दच ठाऊक नाहीत त्याची माफी मागायची कशी? म्हणून आमचा नियम: अपमान एका वाक्यात लिहून द्यायचा, आणि समोरच्याने तीन दिवसांत उत्तर द्यायचं.

पुढच्या शनिवारी चाचणी झाली. टोपीचं भांडण पुन्हा उकरलं गेलं. मध्यस्थ कोपऱ्यात जाऊन वीस मिनिटं कुजबुजत होते. माफीच्या मजकुरात 'टोपी' लिहायचं की 'शिरस्त्राण' यावर अडलं. तलवार निघालीच नाही, आणि पालक न्यायला आले तरी कोणी उठेना.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण नियमावली वाचताना एक घोटाळा झाला. क्लॉनमेलचा पहिलाच नियम म्हणतो, की ज्याने आधी दुखावलं त्याने आधी माफी मागायची, उलट उत्तर कितीही जहरी असलं तरी. आम्ही हा मोठ्याने वाचला आणि कन्या म्हणाली, "म्हणजे त्या काकाला सॉरी तूच म्हणायला पाहिजे."

हा काका म्हणजे एम. एस. करताना आमच्याबरोबर एका खोलीत राहिलेला मित्र. बारा वर्षांपूर्वी त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, पंचवीस माणसांत, आम्ही 'ऋण काढून सण' असं हसत हसत म्हणालो. त्यावर तो जे बोलला ते इथे छापण्यासारखं नाही. ते आम्ही बारा वर्षं घरात शब्दशः सांगत आलो. आमचं स्वतःचं वाक्य मात्र दर वेळी 'जरा गंमत केली' एवढ्यावर उरकत होतो. सौ. काही बोलली नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवली.

आमच्यात मध्यस्थ कोणी नव्हता. मित्रमंडळींनी दोघांना वेगवेगळ्या वारी जेवायला बोलवायची सोय तेवढी करून घेतली.

परवा रात्री अकराला निरोप लिहिला. आमचं वाक्य, एका ओळीत, जसं होतं तसं. खाली माफी. त्याच्या वाक्याचा उल्लेख नाही. पाठवायला गेलो तर कन्या म्हणाली, "रात्री नाही, बाबा." म्हणून काल सकाळी पाठवला.

हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. पण नियमाप्रमाणे त्याला तीन दिवस आहेत, आणि आज दुसराच आहे.