गूळ महजूबीचा, नाव मोतीचं

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळानं प्रश्नमंजूषा ठेवली होती. "हिंदी सिनेमातले पाच सर्वश्रेष्ठ नायक सांगा," असा प्रश्न आला आणि मागच्या रांगेतून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी, वय वर्षं एकाहत्तर, खणखणीत आवाजात सांगितलं, "पहिली नूतन!" सगळा मांडव हसला. माइक धरलेला मुलगा अगदी आदरानं म्हणाला, "आजी, नायक विचारलंय, नायिका नाही. नायिकांचे प्रश्न हळदीकुंकवाच्या दिवशी आहेत." काकू खाली बसल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दिलीपकुमार, राज कपूर, देव आनंद, राजेश खन्ना, अमिताभ अशी पाच नावं एका दमात म्हटली आणि स्टीलच्या डब्यांचा संच घरी नेला.

काकूंचं उत्तर बरोबर होतं, असं माझं म्हणणं आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी 'या बायकांना पुरुषांचं काही चांगलं दिसतच नाही' असं म्हणायला नको. मला दिलीपकुमार आवडतो. अमिताभचा 'दीवार' मी किती वेळा पाहिलाय ते घरच्यांना विचारा. भांडण या माणसांशी नाही. भांडण यादीशी आहे. ही यादी पाठ्यपुस्तकासारखी पाठ केली जाते आणि ती कुणी केली, कशावरून केली, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, १९७३ साली आलेला सुधेंदू रॉय यांचा 'सौदागर' तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? नसेल तर जरूर पाहा. मोती नावाचा तरुण शिंदीच्या झाडांना मडकी लावतो, रस काढतो आणि गूळ विकतो. मोती म्हणजे अमिताभ. त्या रसाचा गूळ करते महजूबी, एक विधवा. म्हणजे नूतन. तिच्या हाताचा गूळ बाजारात सगळ्यांच्या आधी खपतो. मोतीचं मन मात्र फूलबानोवर बसलंय आणि तिच्या बापाला मेहर हवा. मग मोती महजूबीशीच निकाह लावतो. तिच्याकडून हंगामभर रस आटवून घेतो, पैसे साठवतो आणि मेहरची रक्कम जमल्यावर तिच्यावर नसता आळ घेऊन तिला तलाक देतो. फूलबानो घरात येते. पुढच्या हंगामात गूळ बिघडतो, गिऱ्हाईक तोंड फिरवतं. बाजारात नाव मोतीचं होतं, चव महजूबीची होती. शेवटी मोती रसाची मडकी घेऊन तिच्याच दारात जातो.

सर्वश्रेष्ठ नायकांची यादी वाचताना मला दर वेळी हा गूळ आठवतो.

राजेश खन्नाचंच बघा. तो 'सुपरस्टार' झाला तो १९६९ च्या 'आराधना'नं. आता 'आराधना'ची गोष्ट कुणाची? शर्मिला टागोरची. प्रेयसी ती, कुमारी माता ती, तुरुंगात जाणारी ती, पांढरे केस लावून म्हातारी होणारीही तीच. राजेश खन्ना आधी तिचा प्रियकर होतो, मरतो आणि मग तिचा मुलगा होऊन परत येतो. प्रत्यक्षात शर्मिला त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. सिनेमा तिनं खांद्यावर वाहिला. तिला त्याबद्दल फिल्मफेअर पुरस्कार मिळाला हे खरं, पण युग मात्र त्याचं सुरू झालं. आजही 'आराधना' म्हटलं की जीपमधला राजेश खन्ना डोळ्यांपुढे येतो, खिडकीत बसलेली शर्मिला नंतर.

अमिताभचं बघा. 'जंजीर' आला १९७३ मध्ये. तोवर त्याचे बरेच सिनेमे पडले होते आणि जया भादुरी 'गुड्डी'पासून लोकांची लाडकी होती. तिचं नाव मोठं होतं, त्याचं व्हायचं होतं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी 'अभिमान' आला. बायको गाण्यात वरचढ ठरली म्हणून नवऱ्याचा अहंकार दुखावतो, अशी त्याची गोष्ट. पुढे जयानं काम कमी करत नेलं. 'सिलसिला' १९८१ चा, त्यानंतरची तिची महत्त्वाची भूमिका थेट १९९८ मध्ये, 'हजार चौरासी की माँ'. तो तिचा स्वतःचा निर्णय असेल, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही. पण बबितानं लग्नानंतर काम सोडलं, नीतू सिंगनं सोडलं, डिंपल 'बॉबी'नंतर गेली ती थेट १९८४ मध्ये परत आली. 'स्वतःचे निर्णय' दर वेळी एकाच बाजूला कसे पडतात? ज्यांच्याशी त्यांची लग्नं झाली, त्या नायकांच्या कारकिर्दीत लग्नाच्या तारखेनं काही फरक पडलेला मला तरी आढळला नाही.

आणि ज्या राहिल्या, त्यांना काय मिळालं? वहिदा रहमान १९७६ मध्ये 'कभी कभी' आणि 'अदालत' या दोन्ही सिनेमांत अमिताभची बायको होती. दोनच वर्षांनी 'त्रिशूल'मध्ये ती त्याची आई झाली. तिचं वय त्याच्याहून जेमतेम साडेचार वर्षांनी जास्त. राखीची तर कमालच. १९८१ च्या 'बरसात की एक रात'मध्ये ती त्याची नायिका, १९८२ च्या 'शक्ती'मध्ये त्याची आई. आणि ती त्याच्याहून पाच वर्षांनी लहान! एका वर्षात बाई एक पिढी म्हातारी होते आणि पुरुष जिथल्या तिथे. (आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाली, "आमच्या घरीही तसंच झालं." सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.)

देव आनंदनं 'देस परदेस'मध्ये टीना मुनीमला आणलं तेव्हा तो पंचावन्नाच्या घरात, ती एकवीस वर्षांची. ही जुनी गोष्ट असं वाटत असेल तर २०२५ चा 'सिकंदर' बघा. सलमान खान आणि रश्मिका मंदाना, अंतर तीस वर्षांचं. 'हम आपके हैं कौन'मध्ये, १९९४ साली, त्याच सलमानच्या जोडीला माधुरी होती, त्याच्याहून दीड वर्षानं लहान. 'नायक चिरतरुण आहे' असं कौतुकानं लिहिणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की तो चिरतरुण दिसावा म्हणून बाजूची बाई दर दहा वर्षांनी बदलली जाते, त्याची नोंद कुठे ठेवता?

"पण सिनेमा चालतो तो नायकावर," असं त्या बक्षीसवाल्या गृहस्थांनी मला जिन्यात ऐकवलं. असं? १९३५ मध्ये 'हंटरवाली' कुणावर चालला? नादियाच्या हंटरवर. 'मदर इंडिया'तला नवरा दोन्ही हात गमावून अर्ध्यातच घर सोडून निघून जातो. तो सिनेमा नर्गिसवर उभा आहे. १९३७ मध्ये प्रभातच्या 'कुंकू'तल्या म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या नीरेला विसरून तो सिनेमा आठवून दाखवा. त्याच शांता आपटेनं पुढे १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकावर उपोषण केलं होतं. आणि यादीत पहिलं नाव ज्याचं, त्या दिलीपकुमारला 'ज्वार भाटा'त, १९४४ साली, संधी कुणी दिली? देविका राणीनं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बॉम्बे टॉकीज ती चालवत होती. युसूफ खानला 'दिलीपकुमार' हे नावसुद्धा तिथंच, तिच्याच पुढाकारानं मिळालं.

देविका राणीचं नाव निघालं म्हणून सांगते. १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. छान सुरुवात! पुढे १९८३ चा आपल्या दुर्गा खोटेंना मिळाला. त्यानंतर अभिनय करणाऱ्या बाईला तो मिळाला एकदम २०२० चा, आशा पारेखला. मध्ये सदतीस वर्षं. लता आणि आशा यांना मिळाला तो गाण्यासाठी. त्या सदतीस वर्षांत एकट्या हिंदीतल्या नऊ पुरुष नटांना तो दिला गेला, राज कपूरपासून अमिताभपर्यंत. कुणी म्हणेल, नूतन १९९१ मध्ये गेली, स्मिता १९८६ मध्ये, नर्गिस १९८१ मध्ये, त्या राहिल्याच नाहीत. पण विनोद खन्नाला २०१७ चा पुरस्कार मरणोत्तर दिलाच की! त्याला द्यायला माझी हरकत नाही. पण पाच वेळा फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेली नूतन कुणालाच आठवली नाही? 'सुजाता' आणि 'बंदिनी' कुणीच पाहिले नव्हते?

इथवर ते पुरस्काराचं आणि मानाचं झालं. याद्या चुकीच्या असल्या तर असोत, असं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण श्रेष्ठ नायक ठरतो म्हणजे पोरांनी कुणासारखं वागायचं तेही ठरतं, आणि तिथं गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत बसलेल्या मुलीला वर्गात शिरून जाळून मारलं. 'एकतर्फी प्रेम' हा शब्द त्या वेळी वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. या शब्दाचा मला आजही संताप येतो, त्यात प्रेम कुठलं? तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, 'डर' आणि 'बाजीगर' आले. एकात नको म्हणणाऱ्या मुलीचा पाठलाग करणारा, दुसऱ्यात प्रेयसीला गच्चीवरून ढकलून देणारा. दोन्ही शाहरुख खान. 'बाजीगर'बद्दल त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. तो नट चांगला आहे, प्रश्न तो नाहीच. 'डर'मध्ये तो खलनायक होता आणि प्रेक्षागृहातली पोरं शिट्ट्या त्याच्यासाठी वाजवत होती, हा प्रश्न आहे. किरणला काय वाटलं असेल, हे बाहेर पडताना किती जणांच्या बोलण्यात होतं?

पाठलाग हा गुन्हा आहे, असं कायद्यानं म्हणायला २०१३ साल उजाडावं लागलं. आता भारतीय न्याय संहितेत तो ७८ व्या कलमात आहे. तरी २०१९ मध्ये 'कबीर सिंग' आला आणि धो धो चालला. २०२३ मध्ये 'अ‍ॅनिमल' आला. त्यातला नायक एका बाईला आपला बूट चाटायला सांगतो. त्या भूमिकेबद्दल रणबीर कपूरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. उद्याच्या यादीतलं सहावं नाव असं घडतंय.

"बायकाच तर राजेश खन्नाच्या गाडीवर लिपस्टिक उमटवत होत्या," हेही ऐकून घेतलं. उमटवत असतील. बाईला एखादा पुरुष आवडावा यात लाजण्यासारखं काय आहे? माझं म्हणणं एवढंच की तिकीट काढणारी ती, गाडी पुसणारी नव्हे, गाडीवर फुलं टाकणारी ती, पडद्यावर नायकाला घडवणारीही तीच. आणि श्रेष्ठ कोण हे ठरवायच्या वेळी मात्र तिला हळदीकुंकवाच्या दिवशी यायला सांगायचं. अहो, मेकअपचा ब्रश हातात धरायची परवानगीसुद्धा मुंबईच्या संघटनेत बाईला नव्हती. तिनं केस विंचरायचे, चेहरा रंगवायचं काम पुरुषाचं. हा नियम मोडायला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

काकूंना मी विचारलं, नूतनच का? त्या म्हणाल्या, "अगं, 'बंदिनी'त ती काही बोलत नाही आणि सगळं कळतं. आणि 'सौदागर'मध्ये तो गूळ ती अशी हलवते, की वाटतं हिला खरंच येतो."

मंडळाला आम्ही अकरा जणींच्या सह्यांचं पत्र दिलंय. मागण्या दोन. एक, यंदाच्या प्रश्नमंजूषेत 'प्रमुख कलाकार' असा शब्द वापरावा. दोन, काकूंचे डबे द्यावेत. सचिवांनी पत्राच्या प्रतीवर पोच दिली आहे. उत्तर आलं की पुढच्या अंकात छापू.